‘पिशवी काढली’ एवढंच माहीत होतं

दादाच्या ऑपरेशननंतर बारा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला. पहिलं पान मला समजलं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे एवढं कळतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात साडेपाच सेंटिमीटरची गाठ, आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली. 22 लसिकाग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. पान उलटलं तर खाली चार ओळी होत्या, चार प्रथिनांच्या. एमएलएच-1 आहे. पीएमएस-2 आहे. एमएसएच-2 नाही. एमएसएच-6 नाही.

या चार ओळींनी पुढचं दीड वर्ष मला कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, मुंबई असं फिरवलं. आमच्या घराचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहासही त्यांनीच उलटापालटा केला. आमच्यासारखी घरं इकडे आणखी असणार, म्हणून हे लिहिते आहे.

दादा तेव्हा 47 वर्षांचा होता. उद्यमनगरात त्याचा दोन लेथचा छोटा कारखाना आहे. सात-आठ महिने तो नुसता दमत होता. जिना चढला की धाप लागायची, तोंड पांढरं पडलं होतं. हिमोग्लोबिन 6.8 निघालं, तर रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा गोळ्या, मग सलाईनमधून लोह. पुरुषाचं रक्त इतकं कमी का झालं, ते जातंय कुठे, हे कुणी विचारलं नाही. ‘तुमच्या घरात कुणाला कॅन्सर होता का?’ हेही नाही. आणि विचारलं असतं तरी दादाने ‘नाही’च म्हटलं असतं, तेही अगदी प्रामाणिकपणे. उजव्या बाजूची गाठ अशीच असते. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ, म्हणून अडथळा लवकर येत नाही. रक्त थेंब थेंब मिसळत जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला कारण नसताना पंडुरोग झाला, तर गोळ्यांच्या आधी आतडं बघावं, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

आँकोलॉजिस्टनी रिपोर्ट वाचून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, केमो द्यायची नाही. दुसरी, घरच्यांची वंशावळ करून आणा.

केमो नाही म्हटल्यावर बाहेर बाकड्यावर बसलेल्या वहिनीला रडूच फुटलं. तिच्या भावाने मला बाजूला घेतलं. “पैशाचं आम्ही बघतो, शेत गहाण टाकायला लागलं तरी चालंल. पण केमो दिल्याबिगार सोडू नका.” त्यांना वाटलं, दादा हातचा गेला म्हणून औषध देत नाहीत. खरं उलट होतं. ज्या गाठीत ही प्रथिनं नसतात, ती दुसऱ्या टप्प्यात असेल आणि ग्रंथींपर्यंत गेलेली नसेल, तर परत येण्याची शक्यता मुळात कमी असते. शिवाय नेहमीच्या 5-एफयू या औषधाचा अशा रुग्णांना एकट्याने फायदा होत नाही, हे 2003 पासूनच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावून पुन्हा समजावलं. उद्या कधी आजार परतलाच, तर याच प्रकारच्या गाठींवर चालणारी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी आहे, हेही सांगितलं. 2017 साली अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली ती गाठीत हा दोष आहे की नाही एवढं पाहून. गाठ कुठल्या अवयवात आहे, याची अट ठेवली नाही. अशी मान्यता तोवर कुठल्याच कॅन्सरच्या औषधाला मिळालेली नव्हती. वहिनीला त्यातलं किती पोचलं माहीत नाही, पण डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, त्याचा तिला आधार वाटला.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. एमएसएच-2 म्हणजे काय, ते दादाला सांगायला मला त्याचा कारखानाच उपयोगी पडला. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. तीन अब्ज अक्षरं उतरवायची, तर चुका होणारच. विशेषतः एकच अक्षर ओळीने दहा-बारा वेळा आलं की नक्कल करणारा घसरतो, एखादं कमी किंवा एखादं जास्त लिहितो. मग एमएसएच-2 आणि एमएसएच-6 जोडीने त्या धाग्यावरून फिरतात, चूक सापडली की तिथेच धरून ठेवतात आणि दुरुस्तीची टोळी बोलावतात. ही यंत्रणा आधी जिवाणूंमध्ये उलगडली. पॉल मॉड्रिच यांना त्याच कामासाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मी वर्गात ई. कोलाय दहा वेळा शिकवला असेल, पण त्यातल्याच एका जीनचा मानवी भाऊबंद माझ्या घरात बिघडलेला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

दादाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, “म्हंजे माल बनतोय, पण गेज लावून बघणारा माणूसच न्हाई. सगळं रिजेक्शन पुढं चाललंय.” इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

हा दोष जन्मापासूनच, घराण्यातून आलेला असेल, तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. हेन्री लिंच हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले डॉक्टर. 1962 साली ओमाहाच्या रुग्णालयात शिकाऊ असताना त्यांनी दारूने खंगलेला एक माणूस तपासला. इतकी का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या घरात सगळे कॅन्सरने मरतात, मीही मरणार. त्याला वेड्यात काढता आलं असतं. लिंच यांनी त्याचं म्हणणं खरं मानलं आणि त्या माणसाच्या नातेवाइकांच्या मागे लागले. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं, कागद आहेत का, बायोप्सी आहे का. 1966 साली त्यांनी नेब्रास्का आणि मिशिगन इथल्या दोन मोठ्या घराण्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी कॅन्सर घराण्यातून येतो हे फारसं कुणी मानत नव्हतं. विषाणू आणि वातावरण यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष होतं. संशोधनाच्या पैशासाठी केलेले त्यांचे अर्ज नाकारले गेले. तरी वंशावळी जमवणं त्यांनी सोडलं नाही. 1993 मध्ये एमएसएच-2 हा जीन सापडला आणि अशा वंशावळींमागचं कारण हाती आलं. 2019 साली, वयाच्या 91व्या वर्षी ते गेले.

त्यांच्याही आधीची एक गोष्ट आहे. तिने मला त्या रात्री झोपू दिलं नाही. मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांची एक शिवणकाम करणारी बाई होती. 1895 साली ती त्यांना म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्यात सगळे आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि 1913 मध्ये ती प्रसिद्ध केली. ती बाई खरोखर तरुणपणीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. तिचं घराणं पुढे लिंच यांनी हाती घेतलं आणि 1971 मध्ये त्यावर पुन्हा लिहिलं. शेवटी, शंभरेक वर्षांनी, त्या घराण्यातला दोष नेमका कुठे आहे ते कळलं. तो एमएसएच-2 मध्येच होता. दादाच्या गाठीत जे नाही, तेच.

शिंपीणबाई म्हणाली होती, बायकांच्या अवयवांच्या. मला एकदम गडहिंग्लजची आत्ती आठवली. तिची ‘पिशवी काढली’ होती.

इकडे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पिशवी काढली म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. पाळीचा त्रास होता, अंगावरून जात होतं, गाठ होती की आणखी काही, हे त्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवून द्यायचं. मी तेव्हा कॉलेजला होते. घरात आई हळू आवाजात बोलायची आणि मी आले की गप्प व्हायची. पुढे दहा वर्षांनी आत्ती गेली, तर ‘कावीळ झाली’ एवढंच कळलं.

वंशावळीसाठी हॉस्पिटलमधून एक नमुना दिला होता. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. आजार झाला असेल तर आतून काळा करायचा, वारला असेल तर तिरकी रेघ. किमान तीन पिढ्या, आजाराचं नाव आणि तेव्हाचं वय. मी आईला घेऊन बसले. चौकोन भराभर झाले. आमच्या गावाकडे, वेदगंगेकाठी, काही वर्षांआड हेळवी येतात. चोपडी उघडून घराण्याची नावं वाचतात आणि धान्य, पैसे, कधी भांडं घेऊन जातात. मागच्या खेपेला त्यांनी वाचलेली सात पिढ्यांची नावं चुलत भावाने मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती लावली. सुरेख लयीत वाचत होते, अमक्याला तीन मुलं, तमक्याला चार. पण आमच्या घराण्याच्या त्या वाचनात एकही मुलगी नव्हती. सात पिढ्या नुसते चौकोन.

आणि आमचा आजार तर गोलांमध्ये होता. वडील 38व्या वर्षी उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेले, त्यामुळे त्यांच्या अंगात काय होतं ते दिसायची वेळच आली नाही. दिसलं ते त्यांच्या दोन बहिणींत. त्या लग्न होऊन गेल्या आणि जाताना त्यांच्या दुखण्याची माहितीही त्यांच्याबरोबर दुसऱ्या घरी गेली. डॉक्टरांनी दादाला ‘तुमच्या घरात’ असं विचारलं असतं, तर त्याच्या मनात आत्त्यांची नावं आलीच नसती. त्या निपाणीच्या आणि गडहिंग्लजच्या होत्या.

निपाणीची आत्ती 44व्या वर्षी गेली. ‘पोटात पाणी झालं’ एवढंच. तिच्याकडे कागद काहीच नाहीत, वखारीच्या कामातून कधी दवाखान्यात गेली तेही कुणाला नीट सांगता आलं नाही. तिच्या गोलात मी प्रश्नचिन्ह घातलं. गडहिंग्लजला मात्र माझी आत्तेबहीण, आक्का, हिने आईची सगळी फाईल जपून ठेवली होती, ट्रंकेत, आईच्या इरकलीच्या घडीखाली. पिवळ्या पडलेल्या कागदावर टंकलेखनाने लिहिलेलं होतं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. वय 48. वर्ष 1998. आक्का इतकी वर्षं तो कागद सांभाळून होती, पण तिला तो वाचता येत नव्हता. मी वाचून दाखवला.

“कॅन्सर व्हता?” ती म्हणाली. “मग मला का सांगिटलं न्हाई कुणी? मी न्हाणी घालत हुतो तिला शेवटी.”

मला उत्तर देता आलं नाही. सांगणाऱ्यांनी तिच्या भल्यासाठीच लपवलं असणार, याबद्दल मला शंका नाही. आक्का स्वतःच लग्नाची होती तेव्हा.

आता आजोबा राहिले. ते 46 किंवा 47 वर्षांचे असताना चार दिवसांत गेले. पोट फुगलं, उलट्या, मळ बंद, वारा बंद. आज हे वाचताना आतड्यात अडथळा हे लगेच कळतं. तेव्हा घरात कळलं ते वेगळंच. बांधावरून आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं भांडण चालू होतं. आजोबा आजारी पडायच्या आधी बांधावर लिंबू-कुंकू सापडलं होतं. भावाने करणी केली, असं ठरलं. त्या दिवसापासून दोन घरांचा बोलणं-चालणं, हळदी-कुंकू, सुतक-सोयर, सगळा व्यवहार तुटला. आम्ही लहानपणी सुट्टीत गेलो की त्या दारावरून जाताना आई आमचा हात घट्ट धरायची.

नमुन्यात आजोबांच्या भावाचा चौकोन रिकामा होता. मी आईला म्हटलं, मी विचारून येते. ती म्हणाली, “त्या घरात पाय ठेवायचा न्हाई.” दादा आतून ओरडला, “जाऊ दे तिला.” ऑपरेशननंतर इतक्या मोठ्याने तो पहिल्यांदाच बोलला होता.

मी गेले. सोप्यात वडिलांचे चुलतभाऊ बसले होते, 78 वर्षांचे, आम्ही त्यांना लांबूनच बापूकाका म्हणून ओळखत होतो. मी कोण ते सांगितल्यावर ते बराच वेळ बघतच राहिले. मग आत बघून म्हणाले, “च्या टाका.” मी वही काढली. दादाला काय झालंय ते सांगितलं, काही लपवलं नाही. मग विचारलं, “काका, तुमचे वडील कशाने गेले?”

ते म्हणाले, “तसंच. पोटानं. तुझा आजा गेला आन् सातव्या वर्साला आमचा बा. पोट फुगलं, रगात पडायचं. पन्नाशीबी गाठली न्हाई.” मग थांबून, माझ्याकडे न बघता, “आमच्यात म्हणत्यात, तुमच्या आजीनं उलटी करणी केली.”

त्यांच्या घरात साठ वर्षं हेच सांगितलं जात होतं. आम्ही त्यांना करणीवाले म्हणत होतो आणि ते आम्हाला. दोन्ही भाऊ एकाच आजाराने गेले होते. तो त्यांना त्यांच्या आई किंवा वडिलांकडून मिळाला होता, बांधावरच्या लिंबातून नाही. मी वहीत चौकोन काढून दाखवले. वर एक जोडी, खाली दोन भाऊ, दोघे काळे. एका बाजूला माझ्या दोन आत्त्या आणि दादा. दुसऱ्या बाजूला बापूकाका, त्यांची तीन मुलं, सात नातवंडं, सगळे पांढरे. काका त्या कागदावरून बोट फिरवत राहिले. चहा गार झाला. शेवटी एवढंच म्हणाले, “म्हातारी उगंच मेली की गं भांडत.” कुठली म्हातारी, त्यांची की आमची, मी विचारलं नाही.

वंशावळ पूर्ण झाली, तेव्हा दादा, वहिनी आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. परळला टाटाच्या जेनेटिक क्लिनिकमध्ये समुपदेशक बाईंनी ती कागदाची गुंडाळी टेबलावर पसरली आणि पहिला प्रश्न विचारला तो गडहिंग्लजच्या आत्तीबद्दल. सोबत तिचा 1998 चा कागद होता, म्हणून तिचा गोल खात्रीने काळा धरता आला. दादाचं रक्त घेतलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. एमएसएच-2 च्या एका प्रतीत जन्मापासूनचा दोष.

इथून पुढचं गणित मला माहीत होतं, वर्गात शिकवते तेच. दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक. ती मुलगा-मुलगी बघत नाही आणि एक पिढी सोडून पुढे उडीही मारत नाही. ज्याला मिळाला नाही, त्याच्या पुढच्यांनाही मिळत नाही. म्हणून आधी वरच्या पिढीतला जिवंत माणूस तपासायचा असतो. बापूकाका तयार झाले. घरातल्या एकाचा दोष नेमका कुठे आहे हे कळलं की बाकीच्यांची तपासणी त्या एकाच जागेपुरती होते, त्यामुळे स्वस्त पडते. काकांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. एका म्हाताऱ्या माणसाच्या चमचाभर रक्ताने तीन मुलं आणि सात नातवंडं मोकळी झाली. त्यांच्या मधल्या मुलाने मला फोन करून दोनदा विचारलं, “नक्की ना ताई?” नक्की, म्हटलं. बाकी सगळ्यांसारखी काळजी घ्यायची, एवढंच.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

मी 43 वर्षांची आहे. त्या संध्याकाळी रंकाळ्याला तीन फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन भात लावला. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसला. मुलाला अजून पंधराच वर्षं झालीत. अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्याची तपासणी करायची नाही. त्याचा निर्णय तो घेईल.

मला धीर दिला तो फिनलंडमधल्या एका अभ्यासाने. लिंच सिंड्रोमच्या 22 कुटुंबांतली 252 माणसं तिथे 15 वर्षं पाहिली गेली. 133 जणांनी दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेतली, 119 जणांनी नाही. तपासणीवाल्यांत 8 जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, बाकीच्यांत 19 जणांना. आणि मृत्यू? तपासणी करून घेणाऱ्यांतला एकही माणूस आतड्याच्या कॅन्सरने गेला नाही. दुसऱ्या गटातले नऊ गेले. हा निबंध 2000 सालचा आहे. नेहमीच्या माणसात आतड्याच्या आत उगवलेला छोटा मोड, म्हणजे पॉलिप, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं घेतो, आमच्यात दोन-तीन वर्षंही पुरतात. म्हणून आता एक-दोन वर्षांनी करायला सांगतात. मला दरवर्षी.

तर कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. लोक तिला फार घाबरतात, म्हणून सविस्तर सांगते. तीन दिवस आधीपासून बिया, पालेभाजी, सालीची फळं बंद. भाकरी बंद. मऊ भात, ताक, उकडलेला बटाटा. आदल्या दिवशी नुसतं पातळ: शहाळं, गाळलेलं वरणाचं पाणी, लिंबू सरबत. लाल रंगाचं काही नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. संध्याकाळी पावडरीचं पाणी. दोन लिटर, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. खारट-गुळमट चव, तिसऱ्या पेल्याला मळमळतं. थंड करून, स्ट्रॉने, मध्ये लिंबाची फोड हुंगत प्यायलं की जातं. मग रात्रभर संडासच्या फेऱ्या. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी आलं पाहिजे. हा भाग टाळू नका. आतडं साफ नसेल तर डॉक्टर कितीही चांगले असोत, चपटा मोड त्यांना दिसणार नाही, आणि आमच्यासारख्यांचे मोड पुष्कळदा चपटेच असतात. खरी तपासणी अर्ध्या तासाची, झोपेच्या इंजेक्शनखाली. मला काहीच कळलं नाही.

उजव्या बाजूला आठ मिलिमीटरचा एक मोड सापडला. तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढला. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा मोड, पण कॅन्सर नाही. डॉक्टरांनी दाखवलेला फोटो मी मोबाईलमध्ये ठेवला आहे. दादाची गाठही कधीतरी एवढीच असेल.

पिशवीचं काय, हे उरलंच होतं. गर्भाशयासाठी आतड्यासारखी भरवशाची तपासणी नाही. मुलं झालेली असतील तर चाळिशीच्या आसपास गर्भाशय आणि बीजकोष काढून टाकणं हा डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग. मी हो म्हटलंय. मेच्या सुट्टीत आहे. माझीही पिशवी काढली जाईल, पण माझ्या फाईलवर कारण लिहिलेलं असेल आणि ते मी प्रत्येकाला मोठ्याने सांगेन.

वहिनीशी मात्र अजून बोलणं अर्धवट आहे. दादाची मुलगी 21 वर्षांची, फार्मसीला आहे. तिने रक्त द्यावं असं मला वाटतं, कारण या जीनच्या दोषात विशी ते पंचविशीपासूनच कोलोनोस्कोपी सुरू करतात. वहिनी म्हणते, “पोरगी लग्नाची हाय. सोयरिकीत कळलं तर कोण करून घील?” मी तिच्यावर रागावू शकत नाही. ती खोटं बोलत नाही. स्थळाच्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायला मी किती घरी जाणार? पण आत्तीच्या वेळीही हीच भीती होती, आणि त्या भीतीने आक्काला तिच्याच आईचा आजार पंचवीस वर्षं कळला नाही. शेवटी पोरगीनेच आईला सांगितलं, परीक्षा झाली की मी देणार. वहिनी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, “उपाशीपोटी द्यायचं आसतंय का?” नाही, म्हटलं, खाऊन-पिऊन द्यायचं.

दादा रोज कारखान्यात जातो. हिमोग्लोबिन 13 वर आहे.

आक्काचा रिपोर्ट गेल्या महिन्यात आला, पॉझिटिव्ह. ती 51 वर्षांची आहे. मला वाटलं होतं कोसळेल. तिने कोलोनोस्कोपीची तारीख घेतली आणि मग मला कळवलं. काल रात्री मेडिकलच्या दुकानातून फोन केला. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

“पावडर दोन चवींची हाय म्हणतोय. संत्रं का लिंबू?”

“लिंबू,” म्हटलं. “आणि फ्रिजमध्ये ठेव आधी.”